जुने मोबाईल भंगारात घालू नका

संपादक साहेब, नमस्कार,
मोबाईलचा इतिहास म्हटलं की सगळे ३ एप्रिल १९७३ पासून सुरू करतात, मोटोरोलाच्या मार्टिन कूपरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून किलोभर वजनाच्या फोनवर बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन संशोधन संस्थेतल्या जोएल एंगलला कॉल लावला वगैरे. ते बरोबरच आहे, पण माझ्या मते खरी कमाल १९४७ ची, तेव्हा बेल लॅब्जमध्येच कल्पना निघाली की शहराचे मधमाशांच्या पोळ्यासारखे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येकात कमी ताकदीचा टॉवर लावायचा, म्हणजे तीच फ्रिक्वेन्सी (रेडिओ लहरींचा ठराविक पट्टा) थोड्या अंतरावर परत वापरता येते. हे नसतं तर मुंबईत एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता आलं असतं! लोकलमध्ये अंधेरी ते चर्चगेट टॉवर बदलत जातात तरी कॉल चालू राहतो, कारण एक टॉवर तो आपोआप पुढच्या टॉवरकडे सोपवतो.

आपल्याकडे पहिला कॉल ३१ जुलै १९९५ ला, तेव्हाचे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. २००३ पर्यंत इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे लोक नुसता नंबर बघून कट करायचे आणि परत फोन करायला पीसीओ (पैसे देऊन वापरायचा सार्वजनिक फोन) शोधायचे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

म्हणून विनंती आहे, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरने मुंबईकरांकडून जुने हँडसेट, पेजर, चार्जर, सिमकार्डं मागवून एक दालन करावं, आणि तुम्ही पेपरातून तसं आवाहन छापावं. घराघरात ड्रॉवरमध्ये पडलेत, दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जायच्या आधी मागा. माझ्याकडचे मी लगेच देईन.

एक वाचक, दादर