ऑफिसातल्या नव्या माणसाला लॅबपासून पोत्यापर्यंत शिकवा

मा. संपादक,

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. साखर कारखाना सहकारी असो वा खासगी, अकाउंट्स, स्टोअर, खरेदी आणि टाईम ऑफिसमध्ये या दिवसांत बरीच नवी मुलेमुली रुजू होतात. त्यांच्या टेबलावर येणारे आकडे मिल हाऊस (जिथे ऊस पिळून रस काढतात) आणि बॉयलिंग हाऊस (जिथे रसाची साखर होते) इथून येतात, पण ते दोन्ही विभाग त्यांना तासाभराच्या एकाच फेरीत दाखवले जातात. मिलच्या आवाजात सांगणाऱ्याचे निम्मे शब्द ऐकूही येत नाहीत. साखर उद्योगात काम केलेले आम्ही काही जण अनुभवाने सांगतो की ऑफिसच्या माणसाला हा कारखाना नीट समजू शकतो, कारण तो मुळात जमाखर्चावरच चालतो.

सुरुवात लॅबपासून करावी. ब्रिक्स, पोल आणि प्युरिटी हे तीन शब्द पक्के झाल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ, पोल म्हणजे त्यातली साखर, आणि पोलला ब्रिक्सने भागून १०० ने गुणले की प्युरिटी. रसाचे ब्रिक्स १५ आणि पोल १२.६ असेल तर प्युरिटी ८४. उरलेल्या १६ टक्क्यांत ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, डिंक असे सगळे येते आणि बॉयलिंग हाऊसची सारी धडपड त्याच्यापासून साखर वेगळी काढण्याची असते. नव्या माणसाने लॅबमध्ये तीन-चार दिवस नुसते नमुने येताना आणि आकडे लिहिले जाताना पाहिले तरी डेली मॅन्युफॅक्चरिंग रिपोर्ट वाचता येऊ लागतो.

मग गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलकडे टाकतात तिथे, जावे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. यार्डात वाहने अडकून पडली की उसातल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, वर जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान तयार होते. त्याने रस चिकट होतो, गाळ लवकर बसत नाही आणि दाणा लांबट येतो. टाईम ऑफिस किंवा ऊस विभागातल्या मुलाला वाहनांची रांग ही वाहतुकीची अडचण वाटते. तिचा हिशेब पुढे पॅनवर, म्हणजे पाक उकळून दाणा धरतात त्या भांड्यावर, चुकता होतो.

मिलमध्ये एकच समीकरण लक्षात ठेवायचे: ऊस अधिक पाणी बरोबर रस अधिक बगॅस (उसाचा चोथा). ऊस ओळीने लावलेल्या अनेक मिलमधून जातो. १०० टन उसावर शेवटच्या मिलच्या आधी सुमारे ३० टन गरम पाणी टाकले, तर १०१ टन रस आणि २९ टन बगॅस निघते. या पाण्याला इम्बिबिशन म्हणतात. शेवटच्या मिलचा पातळ रस उलट आधीच्या मिलवर फिरवतात, म्हणजे चोथ्यातली साखर टप्प्याटप्प्याने धुऊन निघते. बहुतेक कारखान्यांत बगॅसचे वजन होत नाही, ते या समीकरणातून काढतात. त्यामुळे पाण्याचे मीटर १ टन जास्त दाखवत असेल तर कागदावर बगॅसही १ टन वाढते आणि त्यातून गेलेली साखरही वाढते. मिलने काहीच चूक केलेली नसताना तिच्या नावावर तोटा पडतो. हिशेबाच्या माणसाने इथे जितका वेळ घालवावा तितका थोडा. वजनकाटा, पाण्याचे मीटर आणि रसाचा काटा यांची तपासणी कधी झाली, हे त्याने विचारलेच पाहिजे.

पाणी वाढवले की बगॅसमधली साखर कमी होते हे खरे, पण ते सगळे पाणी पुढे वाफ खर्चून उडवावे लागते. बगॅस हेच बॉयलरचे जळण, त्याची आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की बॉयलर कुरकुरायला लागतो. शेवटच्या मिलचा चोथा मुठीत दाबून हात ओला होतो का हे जुने मिल फोरमन पाहतात. लॅबचा आकडा येईपर्यंत तेवढा अंदाज पुरतो.

रसशुद्धीकरण हा स्टोअर आणि खरेदीच्या माणसाचा खरा वर्ग. मिश्र रसाचा पीएच ५.२ च्या आसपास असतो. तो ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून त्यात चुन्याचे दूध (पाण्यात कालवलेला चुना) आणि गंधकाचा वायू सोडतात, पीएच ७ च्या जवळ आणतात, मग १०२ ते १०४ अंशांपर्यंत तापवून क्लॅरिफायरमध्ये (गाळ बसवण्याच्या टाकीत) सोडतात. तिथे दोन-अडीच तासांत गाळ खाली बसतो. पीएच खाली राहिला तर साखर मोडते. फार वर गेला तर ग्लुकोज जळून रंग चढतो. तापमान शंभराच्या खाली राहिले तर रसातली हवा निघून जात नाही आणि तिचे बुडबुडे गाळाला बसू देत नाहीत. रोज ५,००० टन गाळप असेल तर गंधक साधारण अडीच टन आणि चुना आठ टनांच्या घरात लागतो. स्वस्त मिळतो म्हणून महिन्याचा चुना एकदम घेऊन पत्र्याखाली उघडा ठेवला तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साईड शोषून त्याचा कस जातो. वजन उलट वाढते, त्यामुळे स्टॉक रजिस्टरला काही कळत नाही. चुना जास्त लागतोय अशी तक्रार मात्र केमिस्टकडून येते. गंधकाचेही तसेच. ते ओले झाले किंवा बर्नरला दमट हवा गेली की आम्ल तयार होऊन पाईप खाल्ले जातात. खरेदीच्या मुलाने एकदा तो खाल्लेला पाईप हातात धरून पाहावा, म्हणजे कोरड्या गोदामाच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) तो सही अडवणार नाही.

बाष्पीभवनात थांबण्यासारखे थोडेच. १४ ब्रिक्सचा रस ६० ब्रिक्सचा पाक होताना १०० टनांमागे ७६-७७ टन पाणी उडते. वाफ पहिल्या भांड्यालाच देतात. तिथून उठलेल्या वाफेवर दुसरे, त्यावर तिसरे चालते आणि शेवटचे निर्वातात साठ अंशांच्या आत उकळते. नळ्यांवर कीट धरली की हे सारे मंदावते. मग कॉस्टिक सोडा उकळून ती काढावी लागते.

पॅनजवळ मात्र उभे राहावे. पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. सारखे, धारदार कडांचे दाणे दिसले तर ठीक. त्यांच्यामध्ये धुरासारखी बारीक कणी दिसली तर तो फॉल्स ग्रेन. पाक गरजेपेक्षा जास्त दाट झाला की तो पडतो. पॅनमन लगेच थोडे पाणी ओढून ती कणी विरघळवतो. दुर्लक्ष झाले तर ती सेंट्रिफ्युगलची (गरगर फिरून दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राची) जाळी तरी बुजवते, नाहीतर जाळीतून मळीबरोबर निघून जाते. ए, बी आणि सी अशा तीन उकळ्यांनंतर उरते ती शेवटची मळी. तिच्यात साखर असतेच, पण ती काढणे परवडत नाही. सेंट्रिफ्युगलवर जास्त पाणी मारले की साखर पांढरी दिसते आणि दाणा विरघळून परत जातो. पोत्यात भरताना साखर गरम राहिली तर थप्पीत गोळे होतात आणि रंग पिवळटतो. ती तक्रार व्यापाऱ्याकडून थेट ऑफिसात येते.

आता १०० टन उसाचा जमाखर्च टनांत जुळवून पाहा. उसात पोल १३.५ टक्के. २९ टन बगॅसमध्ये २ टक्क्यांनी ०.५८ टन साखर गेली, ४ टन प्रेसमडमध्ये (रसातून निघालेल्या गाळात) ०.०८, ४.२ टन मळीमध्ये ३० टक्क्यांनी १.२६, आणि कुठे गेली ते न सापडलेली ०.१०. एकूण २.०२. पोत्यात आली ११.४८. हाच उतारा. ५ लाख टन गाळपावर तो ०.१ ने घसरला तर ५० किलोची १०,००० पोती कमी भरतात. शेतकऱ्याचा दरही यालाच बांधलेला आहे: २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये.

इथे वृत्तपत्रांनाही एक विनंती. बी-हेवी मळी (दुसऱ्या उकळीनंतरची, बरीच साखर असलेली) किंवा थेट रस इथेनॉलला वळवला की पोत्यातला उतारा खाली दिसतो, पण ती साखर वाया गेलेली नसते. अशा कारखान्याचा आकडा शेजारच्या कारखान्याशी तसाच ताडून पाहू नये.

हे शिक्षण दोन वेळा द्यावे लागते. पावसाळ्यात ओव्हरहॉलिंगला मिल उघडी असते तेव्हा रोलरचे दात, ट्रॅश प्लेट, बाष्पीभवनाच्या नळ्या आतून दिसतात. हंगामात त्या झाकलेल्या असतात. हंगामात प्रत्येक विभागात निदान एक रात्रपाळी करावी, कारण रसाचे नमुने आणि मशीनचे बंद पडणे दिवसरात्र चालूच असते. ओढणी, सैल बाह्या, चपला चालणार नाहीत. चुन्याच्या टाकीजवळ चष्मा हवाच. मळीच्या किंवा रसाच्या रिकाम्या टाकीत आतली हवा तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय डोकावायचेही नाही. पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये तंत्रज्ञांचे अभ्यासक्रम चालतात. ऑफिसच्या माणसाला एवढ्यासाठी तिथे पाठवायची गरज नाही. आपल्याच कारखान्याच्या चीफ केमिस्टने पंधरा दिवसांचे वेळापत्रक लावावे, आणि शेवटच्या दिवशी त्या मुलाकडून आदल्या दिवशीच्या गाळपाचा वरचा जमाखर्च स्वतःच्या हाताने मांडून घ्यावा.

आपले,
साखर उद्योगातील काही निवृत्त तंत्रज्ञ, जि. सांगली