भायखळ्याच्या फायर ब्रिगेडचा इतिहास कारणांसकट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ एप्रिलला भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात मरण पावलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, रस्ते माणसांनी फुललेले असतात, आणि ते तसेच असावेत. माझे मागणे त्या दिवशीच्या बातमीबद्दल आहे. मानवंदनेचा फोटो आणि त्याखाली ‘६६ जवानांना आदरांजली’ अशी एक ओळ, एवढ्यावर आमच्या भागातल्या या दलाची दर वर्षी बोळवण होते. ते ६६ जण कशामुळे गेले, हे त्या ओळीत नसते. आपल्या वर्तमानपत्राने भायखळ्याच्या फायर ब्रिगेडचा इतिहास सविस्तर छापावा आणि तो कारणांसकट छापावा, यासाठी हे पत्र.

आगीच्या बाबतीत मुंबई फार किंमत मोजून शिकली आहे. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातल्या (आजच्या फोर्टमधल्या) बाजाराला लागलेल्या आगीत वस्तीचा मोठा भाग जळाला, तेव्हा कुठे तिथले रस्ते रुंद करण्याचा विचार झाला. पुढे १८५५ मध्ये घोड्यांनी ओढायचे बंब आले, पण ते पोलिसांच्या हाताखाली; आग विझवणे हे पोलिसांचे जोडकाम होते. १८८८ च्या महापालिका कायद्याने अग्निशमन दल ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. लंडनच्या दलात तयार झालेले प्रमुख आले, १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला आणि हळूहळू घोडे गेले.

भायखळ्याचे महत्त्व समजायला आजूबाजूचा परिसर डोळ्यांसमोर आणावा लागतो. वर लालबाग-परळच्या गिरण्या, पूर्वेला कापसाची गोदामे आणि गोदी, दक्षिणेला मांडवी-मस्जिदचा खच्चून भरलेला व्यापार. कापसाची आग फसवी असते. गासडी वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. ती फोडून, पसरून भिजवावी लागते. गिरणगावाला लागून असलेल्या या दलाला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. म्हणूनच १४ एप्रिल १९४४ ची हकीकत वाचताना संताप येतो.

व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभे होते. बर्कनहेडहून निघताना त्यावर सुमारे १,४०० टन दारूगोळा भरला होता आणि वाटेत कराचीला कापसाच्या हजारो गासड्या चढल्या. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, कापूस आणि स्फोटके एकाच ठिकाणी होती. असे जहाज एरवी गर्दीच्या गोदीत येऊच दिले नसते, पण युद्धामुळे नियम सैल झाले होते. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या जहाजांवरच्या काहींना धूर दिसला, तो कोणी कळवला नाही. सुट्टीनंतर मजूर परत आले तेव्हा आरडाओरडा झाला.

वर्दी मिळताच बंब गेले, पाठोपाठ प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः गेले. फाळक्यात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, जहाजाचा पत्रा बाहेरून तापून लाल दिसू लागला. त्या पाण्यावर जळत्या गासड्या तरंगत वर सरकल्या आणि स्फोटकांना भिडल्या. जहाज बुडवायचे की ओढून समुद्रात न्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार जवानांना नव्हता. ज्यांना होता त्यांचे एकमत होईना, आणि तोवर होज धरून डेकवर उभे राहणे एवढेच जवानांच्या हाती होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. या स्फोटांची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. दाणाबंदर, मांडवी पेटली. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि हजारो लोक बेघर झाले.

या दुर्घटनेची गोष्ट निघाली की बोलणे सोन्यावर येते. जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, त्या उडून कुणाच्या घरात पडल्या, गाळ काढताना पुढे कधी सापडल्या, हे सगळ्यांना पाठ असते. गेलेल्या एका तरी जवानाचे नाव सांगा म्हटले तर कोणी सांगू शकत नाही. मला हे फार लागते. बोटीच्या पोटात काय आहे हे वेळीच सांगितले गेले असते, निर्णय घेणाऱ्यांनी वेळेत निर्णय घेतला असता, तर यातले कितीतरी जण त्या संध्याकाळी क्वार्टर्समध्ये परतले असते. त्यांना ‘हुतात्मा’ म्हणणे योग्यच आहे, पण तेवढेच म्हणून थांबलो तर चूक कोणाची होती हा प्रश्न निघून जातो.

आणि तो १९४४ मध्ये संपलेला नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, काम चालू असतानाच ती जुनी इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले; सुधीर अमीन आणि मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांचा उपचार चालू असताना मृत्यू झाला. प्रमुख स्वतः आत होता, कूम्ब्स यांच्यासारखाच. आज कायद्याने मालकांना दर जानेवारी आणि जुलैत आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मांडवी-काळबादेवीच्या गल्ल्यांतून फिरताना मात्र कुठल्या दाराआड रसायन आहे, कुठल्या माळ्यावर कापड आणि सिलिंडर एकत्र आहेत, हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. बंबवाल्याला ते दार तोडल्यावरच कळते.

म्हणून दोन विनंत्या. येत्या १४ एप्रिलला ती ६६ नावे पहिल्या पानावर छापा आणि त्यांच्यासोबत काळबादेवीच्या चौघांचीही. आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा या दलात होते, त्या कुटुंबांना आवाहन करा. क्वार्टर्समधली कितीतरी कुटुंबे निवृत्तीनंतर गावी गेली, उपनगरांत पांगली. त्यांच्याकडे जुने फोटो, पितळी हेल्मेट, पत्रे, सांगोवांगीच्या आठवणी असतील. महापालिकेने त्यांना आगीच्या जुन्या वर्द्यांच्या नोंदींची जोड दिली तर पुस्तक उभे राहील. माहिती गोळा करायला, घरोघरी जायला, मजकूर उतरवून घ्यायला मी आणि आमच्या भागातली काही मंडळी तयार आहोत. आवाहनाखाली संपर्कासाठी आमची नावे द्यायची असल्यास जरूर कळवावे.

आपला नम्र,
भायखळ्यातील एक वाचक