स्मरणिका, पॅसेज आणि दुरुस्ती निधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, मंडळाच्या स्मरणिकेत वरळीच्या बी.डी.डी. चाळींचा इतिहास तुम्ही लिहिणार हे कळलं. आणि आई, सोसायटीच्या कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्यातल्या एकीसाठी तुझं नाव निघालंय, तर ‘मला त्यातलं काय कळतं’ म्हणून अंग काढून घेऊ नकोस. दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिते आहे.

बाबा, इतिहासात एक गोष्ट आधी दुरुस्त करा. या चाळी तुरुंगासाठी बांधल्या, असं निम्मी वरळी सांगते. ते खरं नाही. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टरेट निघालं, गिरणी कामगारांच्या घरांसाठी. बेत ५० हजार खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन, मजल्याला २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. भाडं कामगाराला परवडेना, त्यामुळे कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला जागा कमी पडली, तेव्हा सरकारने वरळीतल्या काही रिकाम्या चाळींचाच तुरुंग केला. तुरुंगाची गोष्ट तिथून आली.

दुसरं, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर चौक आणि भोवती लाकडी कठड्याची गॅलरी असलं चित्र छापू देऊ नका. ती गिरगावातली चाळ झाली. आपल्याकडे मधोमध लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. दारं समोरासमोर, उजेड फक्त टोकांकडून. भर दुपारीही पॅसेजमध्ये दिवा लागायचा. पण १६० चौरस फुटांत आठ-दहा माणसं म्हटल्यावर संसार त्या पॅसेजमध्ये सांडणारच: पाण्याचं पिंप, चपलांचं कपाट, अभ्यासाला बसलेली पोरं, रात्री अंथरूण. कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण आजारी आहे, कोणाचा पगार अडकलाय, हे कुणाला विचारावं लागत नसे.

सगळं गोडगोड मात्र लिहू नका. कोणत्या चाळीत कोणत्या समाजाची वस्ती, हे सगळ्यांना पाठ होतं. ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली. १० तारखेला परळच्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले. चौकशीला न्या. भस्मे आयोग नेमावा लागला. ज्या चाळींतून आंबेडकर जयंती आणि गणपती दोन्हींच्या मिरवणुका निघायच्या, त्याच चाळींतून तेव्हा दगड पडले. स्मरणिकेत याला पानभर जागा नसेल, तर उरलेल्या पानांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संपही तसाच. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत आणि कितीतरी घरं बायकांच्या पोळीभाजीच्या डब्यांवर तगली. ते नुसतं ‘संपाचा काळ’ म्हणून उरकू नका. डबे कोण करायचं, उधारी कुठल्या वाण्याने थांबवली नाही, हे त्या घरांतल्या बायकांना विचारून त्यांच्याच शब्दांत छापा.

आता चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीचं. ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं, १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांचा ताबा दिला गेला, हे सगळं चांगलंच. पण चाळीची देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. मोरीचं पाणी स्लॅबमध्ये मुरून आतली सळई गंजायची, फुगायची, वरचं काँक्रीट उडवायची. आपण अर्ज करायचो आणि वाट बघायचो. आता पहिली १२ वर्षं देखभालीचा खर्च म्हाडाकडे आहे, म्हणून लोक पुन्हा निवांत होतील. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. चाळीस मजल्यांची इमारत म्हणजे लिफ्ट, पंप, जनरेटर, आगीची यंत्रणा. तेराव्या वर्षी हे सगळं एकदमच म्हातारं झालेलं असणार.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव ठेव, किमान ०.२५ टक्के धरतात. समजा एका घराचा बांधकाम खर्च २० लाख, तर दोन्ही मिळून वर्षाला २० हजार, महिन्याला साधारण १,६७० रुपये. पेन्शनवरच्या माणसाला हा आकडा अचानक पुढे आला तर भांडणंच होणार. म्हणून आई, पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव मांड: आत्तापासून घरटी महिना ५०० तरी वेगळ्या मुदत ठेवीत जमा होऊ दे. तू भिशी चालवलीस, तीच शिस्त. फक्त पावती हवी आणि वही दर सभेत उघडी हवी.

पॅसेजची सवय इथे नडेल. नव्या मजल्यावरचा पॅसेज ही आगीच्या वेळी पळायची वाट आहे. तिथे चपलांचं कपाट, सायकल, जुनं कपाट ठेवलं की धुरात माणूस अडखळून पडतो. जिन्याचं जाड दार धूर अडवायला असतं. हवा यावी म्हणून त्याला वीट लावून उघडं ठेवतात. ती वीट दिसली की काढायचीच, मग कोणी कितीही रागावो. आगीची यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. कमिटीने नुसतं प्रमाणपत्र फाइलला लावू नये, त्या दिवशी आगीचा पाइप (होज) उघडून खरंच पाणी येतंय का ते बघावं.

पाण्याचं गणित वेगळं आहे. वरच्या टाकीतून खाली येताना दर दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब वाढतो. घरातल्या नळांना तीन-चार किलो पुरे, म्हणून मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. त्यांच्या जाळीत कचरा अडकला किंवा व्हॉल्व्ह अडकला की खालच्या घरांत फ्लश गळतो, गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब सुरू होतं. एकाच रांगेतल्या चार-पाच घरांत एकाच आठवड्यात गळती लागली, तर घरोघर प्लंबर बोलावून पैसे घालवू नका. आधी डक्टमधला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीतला, व्हॉल्व्ह आणि त्यावरचं प्रेशर मीटर बघायला लावा.

घरं सोडतीने मिळाल्यामुळे समोरच्या दारातली माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर गेलीत. त्यामुळे मजल्यामजल्याचे दोन जण नेमा, एक फोन उचलणारा आणि एक किल्ली ठेवणारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरची जादा किल्ली शेजारी असलीच पाहिजे. ही दारं आपोआप लॉक होतात आणि आतून आलेला आवाज बाहेर पोचत नाही.

उत्सवाचा हिशेब सोसायटीच्या खात्यात मिसळू नका. गणपतीची वर्गणी मंडळाने धर्मादाय आयुक्तांची कलम ४१-क ची परवानगी घेऊन, स्वतःच्या पावतीपुस्तकावर गोळा करायची. मेंटेनन्सच्या बिलात ‘उत्सव ३०० रुपये’ घुसडले की एखादा सभासद हरकत घेतो, आणि ती बरोबरच असते. जांबोरी मैदानावरची हंडी, बुद्धविहारातले कार्यक्रम यांनाही तोच नियम लावा.

शेवटी तुमच्या दोघांच्या कामाचं. नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत भरून द्या आणि सेक्रेटरीच्या सही-शिक्क्याची एक प्रत परत घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने नुसता सांभाळणारा. म्हणून साधं मृत्युपत्रही करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, त्यात आम्हा भावंडांपैकी कोणाची सही नको. करारात विक्रीला बंदीची मुदत किती आहे तेही एकदा नीट वाचा. दलाल आत्तापासून खाली उभे राहतात म्हणे.

बाबा, जुन्या खोलीच्या भाडेपावत्या लॅमिनेट करू नका, शाई प्लॅस्टिकला चिकटते. स्कॅन करून घ्या आणि मूळ पावत्या कागदी पाकिटात ठेवा.

तुमची लेक