पिशवीतलं पित्त

उदगीर,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझे तीन मिस कॉल दिसले. उचलले नाहीत, राग धरू नको. फोनवर निम्मं गिळलं असतं, म्हणून लिहितोय.

अण्णा घरी आलेत. ओसरीवर बसून सोयाबीनच्या भावावरून चुलत्याशी भांडतात, म्हणजे बरे आहेत असं धर.

कावीळ दिसली तेव्हा आम्ही आधी काय केलं असेल? गळ्यात काविळीची माळ! ती लांबते का ते बघण्यात तीन आठवडे गेले. तोवर डोळे हळदीसारखे, संडासला चुन्यासारखं पांढरं, आणि खाज अशी की रात्रीबेरात्री कंगव्यानं पाठ खाजवायचे. सीटी केला तर पित्तनळीत गाठ, अगदी लिव्हरच्या तोंडाशी. बिलीरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, १८.

अशी गाठ काढताना लिव्हरचाही भाग कापावा लागतो, पण एवढ्या काविळीत सर्जन धजत नाहीत, आधी तुंबलेलं पित्त काढतात. एक तर तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट, म्हणजे पित्त आपल्या वाटेनं आतड्यात जातं. नाहीतर बरगड्यांमधून नळी घालून बाहेर पिशवी. अण्णांना पिशवी लागली. त्यात चूक काढणार नाही मी. गाठ एवढ्या वर असली की स्टेंट बसवणं अवघड, शिवाय आतड्यातले जंतू वर चढायची भीती. पण त्या पहिल्या दवाखान्यात पिशवी भरली की मोरीत ओता म्हणाले, आणि मी ओतत राहिलो. रोज पाऊण लिटर, हिरवट सोनेरी. पित्तच ते, पडलं तर बरंच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडणारे तुझे आजोबा आठवतात ना?

कावीळ उतरली, पण अण्णा वाळत चालले. संभाजीनगरच्या सर्जननं पिशवी बघितली आणि पहिलं विचारलं, "हे टाकता कुठं?" मोरीत म्हटल्यावर म्हणाले, "आजपासून पाजा."

मला वाटलं चेष्टा करतात. पुतणी अंबाजोगाईला एमबीबीएस करते, तिनं उलगडून सांगितलं. पित्तातली आम्लं आतड्याच्या शेवटाला जवळपास ९५ टक्के परत शोषली जातात आणि पुन्हा लिव्हरला येतात, दिवसातून कितीतरी फेऱ्या. जाताजाता आतड्यातून एफजीएफ-१९ नावाचं संप्रेरक सुटतं. हे सगळं म्हणजे लिव्हरला वाढायचा सांगावा. पिशवीनं फेरीच तुटते. उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी आठ-दहा दिवसांत वजन जवळपास भरून येतं, हा प्रयोग १९३१ पासून चालू आहे. पण पित्त बाहेर काढून टाकलं की त्याच उंदरांत वाढ मंदावते. माणसांत हिशेब इतका सरळ नाही, हेही तिनं सांगितलं. शिवाय पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, मग रक्त गोठायला वेळ लागतो. आणि हो, हे आपल्या उसाच्या खोडव्यासारखं नाही. कापल्या जागी फुटवा येत नाही, राहिलेला तुकडाच फुगतो.

मग सुरू झालं पाजणं. पिशवीतलं ताजं पित्त धुतलेल्या फडक्यातून गाळायचं, लिंबू सरबतात मिसळायचं, स्टीलच्या ग्लासात द्यायचं. काचेचा नको, रंग दिसतो. पहिल्या घोटाला अण्णांनी तोंड वाकडं केलं, "माझंच मला कशाला पाजायलास रे?" दोघं हसलो, आणि मी उगीच खिडकीशी जाऊन उभा राहिलो. चौथ्या-पाचव्या दिवशी आई संडासातून धावत बाहेर आली, "पिवळं झालं बाई!" घरात कुणी पास झाल्यासारखा आनंद!

ऑपरेशनमध्ये लिव्हरची उजवी बाजू सगळी गेली, राहिलं तिसरा हिस्सा. परवाच्या सीटीत डावी बाजू चांगली फुगलेली दिसली. पित्त पाजल्यामुळंच, असं सर्जन म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. गाठीचं पुढं काय ते तीन महिन्यांनी कळेल.

तो ग्लास आईनं दोनदा भंगारात काढला, अण्णांनी दोनदा परत आणला. आता त्यातच चहा पितात. पोळ्याला येशील तेव्हा चुकून उचलू नको.

तुझा,
बंडू