प्रश्न विचारणाऱ्या बाजूला

अमळनेर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नागपूरचं अधिवेशन तोंडावर आलं. परवा तू फोनवर विचारलंस, "नाना, आमदार म्हणून सभागृहात पहिल्यांदा उभी राहणार, काय बोलू?" तुझ्यामागे माणसांचा गलका होता, धड सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

अधिवेशन लागलं की कचेरीत काय होतं ते आपण दोघांनीही पाहिलंय. मी अव्वल कारकून म्हणून, तू तहसीलदार म्हणून. रजा बंद. दिवेलागणीला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, यायचा आणि सकाळी अकराच्या आत माहिती हवी असायची. प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक गावातील शेतकऱ्यांना नुकसानीचे अनुदान मिळाले नाही, हे खरे आहे काय. असल्यास, कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मग रात्री तलाठ्याला फोन. तलाठ्याची माहिती सर्कलकडून तहसीलला, तिथून प्रांत, कलेक्टर, नाशिकचे आयुक्त आणि शेवटी मंत्रालयातलं टेबल. तलाठी लिहितो, सत्तर खातेदार राहिले. तहसीलमध्ये त्याचं होतं, काही खातेदारांचे प्रस्ताव त्रुटीपूर्ततेसाठी प्रलंबित. सभागृहात मंत्री वाचतात, "हे अंशतः खरे आहे." आणि विलंबाच्या कारणांपुढे लिहिलेलं असतं, "प्रश्न उद्भवत नाही."

यात खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. तरी ते सत्तर जण कुठेच दिसत नाहीत.

ताई, २८८ आमदारांत ही उत्तरं स्वतः तयार केलेले किती असतील? फार थोडे. तू आता प्रश्न विचारणाऱ्या बाजूला बसलीस, आणि उत्तर कुठे पातळ होतं ते तुला ठाऊक आहे. तुझी खरी पुंजी ही. म्हणून असा प्रश्न टाक की 'अंशतः' म्हणायला जागाच राहू नये. "अनुदान मिळाले का" असं विचारू नकोस. पंचनामे कोणत्या तारखेला पूर्ण झाले, ३३ टक्क्यांच्या आत दाखवून किती क्षेत्र वगळलं, याद्या पोर्टलवर कधी चढल्या, ई-केवायसीअभावी किती खाती अडली, हे विचार. रावेर-यावलच्या केळीवाल्यालाही हेच हवंय, आपल्या कपाशीवाल्यालाही हेच हवंय. उत्तर आलं की लगेच उपप्रश्नाला उभी राहा.

एक मात्र जपायचं. उत्तर चुकीचं आलं म्हणून खालच्या माणसाला हक्कभंगाचा धाक घालू नकोस. त्या तलाठ्याने खरं लिहिलेलं असतं. जाब मंत्र्याला विचारायचा, तोही सभागृहात.

दुसरी गोष्ट जरा कडक वाटेल. घरी आता सकाळपासून माणसं बसलेली असतात. कुणाला बदली हवी, कुणाची डीपी जळालेली, कुणाचा शेतरस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकलेला. शेतरस्त्याचं ऐकलं की तुझा हात फोनकडे जाईल, कारण ते काम तू वर्षानुवर्षं केलंस. तहसीलदाराला तो फोन करू नकोस. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ असो की १९०६चा मामलेदार कोर्टाचा कायदा, तिथे तहसीलदार निवाडा करतो. दोन्ही बाजू ऐकून, मोक्यावर जाऊन. तुला असे फोन यायचे तेव्हा तू ते शांतपणे ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन बांधावर उतरायचीस. पारोळ्याकडच्या एका प्रकरणात चिखलात चप्पल रुतली, तर अनवाणी पूर्ण हद्द चालून आलीस आणि तिथेच उकिडवी बसून पंचनामा लिहून घेतलास. आज त्या खुर्चीवर जो कुणी आहे त्यालाही तसंच चालू दे. तुझं काम वेगळं आहे. जिल्ह्यात अशी किती प्रकरणं तुंबलीत, मोजणीच्या तारखा इतक्या लांब का पडतात, भूमापकाच्या किती जागा रिकाम्या आहेत, याचा हिशेब सरकारकडे मागायचा. तहसीलदार एक रस्ता मोकळा करतो. आमदाराने सगळ्यांच्या रस्त्याचं पाहावं.

आणि कायद्याची ताकद कमी समजू नकोस. १९७२च्या दुष्काळात तुझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी शाळकरी होतो, सुकडी आणायला तिच्यासोबत रांगेत उभा राहायचो. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या आणि संध्याकाळी खडीचा ढीग मोजून घेणारा माणूस काठी टेकवून "कमी भरतो" म्हणाला की तिचा चेहरा उतरायचा. तेव्हा काम म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा खेड्यातल्या माणसाचा हक्क झाला. त्यामागची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली. केंद्राने तसा कायदा २००५ साली केला. कुठल्या कलेक्टरच्या सहीने हे झालं नसतं.

अधिकारी सोडून आमदार झालेल्यांत ओ. पी. चौधरींचं नाव सगळे घेतात. २०१८ला रायपूरची कलेक्टरी सोडली, त्या निवडणुकीत पडले, २०२३ला निवडून आले आणि छत्तीसगडचे अर्थमंत्री झाले. चांगलंच आहे. पण मला जास्त मोल वाटतं ते आंध्रातल्या लोकसत्ता पक्षाच्या जयप्रकाश नारायण यांचं, आणीबाणीतले लोकनायक ते वेगळे. १९९६ला आयएएस सोडलं, आधी लोकांत चळवळ केली, आणि २००९ला कुकटपल्लीतून निवडून आले तेव्हा विधानसभेत आपल्या पक्षाचे ते एकटेच होते. मंत्रिपद मिळालं तर घे, पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून पाच वर्षं घालवू नकोस.

पहिलं भाषण पाडळसरे धरणावर कर. मी नोकरीत असताना काम सुरू झालं, आता मला निवृत्त होऊनही वर्षं झाली, आणि तापी अजून पुरती अडलेली नाही. विधानमंडळाच्या ग्रंथालयात जुन्या कामकाजाचे खंड असतात. एक दिवस तिथे बस. कोणत्या मंत्र्याने कधी कोणती मुदत दिली ते उतरवून घे आणि सभागृहात तारखेसकट वाच. मंत्री "करू" म्हणाले की ते आश्वासन होतं, त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. त्या समितीवर जायला मिळालं तर आनंदाने जा. तिथे फोटो निघत नाहीत, काम निघतं.

निकालाच्या दिवशी गल्लीतल्या म्हातारीने तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आते तू साहेब नही, आमनी शेस." तुला रडू आलं होतं. तिचीही विहीर अनुदानाची फाईल अडलेली आहे, पण त्या दिवशी ती त्यातलं एक अक्षर बोलली नाही.

अधिवेशन चालू असेपर्यंत इकडची लग्नं, गंधमुक्ती, मयताच्या दारावर बसायला जाणं, सगळं मी आणि तुझी आई पाहून घेऊ. तू सभागृह सोडून गावाकडे धावू नकोस. कुणी रागावलं तर मी समजावीन.

मारवडचे दोघे काल आले होते. ई-केवायसी होऊन बरेच महिने झाले, पैसे नाहीत. त्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स पाकिटात घातल्यात. प्रश्न टाकण्याआधी एकदा नीट पाहून घे, तारीख फिकट उमटलीय.

तुझा,
नाना