टबातल्या बाळाचा फोटो आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वस्तीत वाढून पुढे नाव काढलेल्या मुलांच्या कहाण्या आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. त्या याव्यातच. पण बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या वस्त्यांमधली मुले कशी तगतात हे त्या कहाण्यांतून कळत नाही, म्हणून हे पत्र. २०१९ च्या पुरात विश्वामित्री स्टेशनजवळच्या वस्तीतून एका पोलीस उपनिरीक्षकाने तान्ह्या मुलीला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून बाहेर काढले होते. तो फोटो देशभर छापून आला. त्या टबातून उतरलेले मूल ज्या घरात परत जाते, तिथे पुढचे पंधरा दिवस काय चालते हे मात्र कुठेच छापून येत नाही. आमच्या मते खरी कसोटी तिथेच लागते.

आधी पाणी कसे येते ते सांगतो, कारण बडोद्यातल्या पुष्कळ सुशिक्षित घरांतही याबद्दल गैरसमज आहे. नदी पावागडाकडून येते. वाटेत सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला आजवा तलाव आहे. त्याची पातळी २११ फुटांच्या आसपास पोचली की त्याच्या ६२ दरवाजांची चर्चा सुरू होते. शहरातला पाऊस थांबून ऊन पडले तरी वरच्या भागातले पाणी पुढचे कित्येक तास येतच राहते. ‘पाऊस थांबला, आता उतरेल’ म्हणून लोक घरात थांबतात आणि तिथेच फसतात. दुसरे म्हणजे वस्तीत पाणी काठ ओलांडून नंतर येते, आधी उलटते ती कांस, म्हणजे पावसाचे पाणी नदीकडे नेणारा नाला. नदी चढली की पावसाळी कांसेतले पाणी नदीत उतरत नाही. ते मागे फिरते आणि घरातल्या मोरीतून, संडासाच्या भांड्यातून वर येते. म्हणजे घरात शिरणारे पहिले पाणी गटाराचेच असते.

मोरीचे तोंड बंद करायला सिमेंटची रिकामी गोणी आणि वाळू पुरते. गोणी दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरली तर ती दगडासारखी ताठ होते, भोकावर नीट बसत नाही आणि कडेने पाणी येत राहते. खाली जाड प्लास्टिकचा तुकडा, वर गोणी, त्यावर पाटा किंवा भरलेला पिंप. याने पूर अडत नाही, तासभराची उसंत मिळते. त्या तासात गॅसची बाटली, धान्य आणि दप्तरे वर टाकायची आणि निघायचे.

कधी निघायचे हे ठरवायला शहर काळाघोड्याच्या पुलावरचा नदीच्या पातळीचा आकडा बघते. २६ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२४, दोन्ही वर्षी नदी ३४ फुटांच्या वर गेली होती. पण २६ हा पुलापाशी मोजलेला आकडा आहे. सखल वस्त्यांमध्ये त्याच्या कितीतरी आधी उंबरठा ओला होतो, उंचावरच्या वस्तीत नंतर. प्रत्येक वस्तीत एका पक्क्या भिंतीवर किंवा विजेच्या नव्हे अशा खांबावर रंगाने खुणा हव्यात: काळाघोड्याला अमुक आकडा असताना इथे पाणी इथपर्यंत. दोन पावसाळ्यांत दर दोन तासांनी आकडे टिपले तर ही पट्टी तयार होते. खर्च एका रंगाच्या डब्याचा. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीतला गाळ काढून पात्र रुंद करण्याचे काम झाले, त्यामुळे जुन्या आठवणींवर आता विसंबताही येणार नाही. खुणा नव्यानेच कराव्या लागतील.

मगरींबद्दल बाहेरचे लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून थोडक्यात. मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्ले पावसाच्या तोंडाशी बाहेर येतात. त्या दिवसांत ती चिडखोर असते. पुरात मुख्य प्रवाहाचा जोर टाळण्यासाठी मगरी कडेच्या गल्ल्यांत सरकतात. अंधारात पाण्यात उतरायचे नाही, शेळी पाण्याजवळ बांधायची नाही, दिसली तर वनखात्याला कळवायचे. दिवसाढवळ्या चालताना मुलांना अधिक भीती झाकण वाहून गेलेल्या गटारांची. पुढे काठी टेकत चालायचे हे चार वर्षांच्या पोरालाही शिकवता येते.

आता पाणी उतरल्यावर. पहिला धोका विजेचा. वस्तीतल्या पुष्कळ घरांच्या भिंती पत्र्याच्या आहेत. मीटरपासून घरापर्यंत आलेली वायर पत्र्याच्या कापलेल्या कडेवरून आत घेतलेली असते. पुरात पत्रा हलतो, कड वायरचे आवरण सोलते आणि सगळी भिंत जिवंत होते. ओल्या पायाने आत शिरणारे मूल आधाराला भिंतच धरते. म्हणून आधी मेन स्वीच बंद, मग आत पाऊल. बोर्ड पाण्याखाली गेला असेल तर तो उघडून, चिखल काढून, पूर्ण वाळू द्यायचा आणि वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करायचा नाही. बाहेरून कोरडा दिसला तरी वायरच्या पाइपच्या आत पाणी राहते. नव्याने जोडताना वायर पत्र्यातून जिथे आत येते तिथे जाड रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवावा, बोर्ड छातीच्या वर घ्यावा, आणि पैसे जमतील तेव्हा ३० मिलिअँपिअरचा, वीज गळताच आपोआप बंद होणारा स्वीच बसवावा. अर्थिंग नसलेल्या घरातही तो जीव वाचवू शकतो.

दुसरा प्रश्न चिखलाचा. ओला असतानाच काढला तर फावड्याने निघतो. दोन दिवस वाळला की फरशीला धरून बसतो आणि खरवडताना त्याची धूळ पोरांच्या नाकातोंडात जाते. म्हणून लगेच काढा असे आरोग्य खाते सांगते, आणि ते बरोबर आहे. पण नुकसानीच्या पाहणीला माणूस येतो चार-सहा दिवसांनी. तोवर घर धुतलेले असेल तर ‘इथे काही झालेलेच नाही’ असा शेरा पडण्याची भीती. त्यामुळे बाया भिजलेल्या गाद्या दारातच ठेवतात, चिखल तसाच ठेवतात, आणि मुले त्याच चिखलात झोपतात. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषात कपडे आणि भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असावे लागते. दीड दिवसात पाणी उतरले पण चिखल गुडघाभर राहिला, तर घरातली भांडी आणि कपडे कमी खराब होतात का? आम्ही सगळ्यांना सांगतो: साफ करण्याआधी मोबाईलवर चार फोटो घ्या. दारावरचा नंबर, भिंतीवरची पाण्याची रेघ, रेघेशेजारी उभे केलेले घरातले माणूस, खराब झालेले सामान. मग धुवा. पण फोटो ग्राह्य धरावा असा आदेश पाहणीला येणाऱ्याच्या हातात असला पाहिजे. केशडोल (पूरग्रस्तांची रोख मदत) वाटताना जी यादी असते तीच यादी घरवखरीच्या, म्हणजे कपडे-भांड्यांच्या, मदतीला का चालत नाही, हेही विचारायला हवे.

धुण्यासाठी दहा लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून दहा मिनिटे निवळू द्यावी आणि वरचे पाणी वापरावे. त्याच वेळी संडासात अॅसिड ओतू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो बाहेर जायला वाट नसते. गल्लीच्या कडेने पावडरीची पांढरी रेघ ओढून गाडी निघून जाते, त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. चिखल क्लोरीन लगेच खाऊन टाकतो. गोणी उघडी राहिली असेल तर पावडरीत दम उरलेलाच नसतो. वास आला नाही तर ती पावडर फेकावी.

पिण्याच्या पाण्याचेही हेच. नळाला गढूळ पाणी आले की त्यात क्लोरीनची गोळी टाकून लोक निश्चिंत होतात. आधी तुरटी फिरवून तासभर निवळू द्या, चार घडीच्या सुती कापडातून गाळा, मग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाका, अर्धा तास झाकून ठेवा. जळण असेल तर उकळणे सर्वांत बरे, पण गॅसची बाटली वाहून गेलेल्या घराला हा सल्ला देऊ नये.

जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसचे पूर्ण पाकीट पेलाभर पाण्यात पाजलेले आम्ही दर पावसाळ्यात बघतो. एका लिटरचे पाकीट एका लिटरमध्येच घालायचे, घट्ट झाले तर मीठ जास्त होऊन मूल आणखी बिघडते. रिकामी लिटरची बाटली हे त्याचे माप. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते, रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला १०. पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फडताळात जातात.

२०२४ चा पूर गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला सुरू झाला. ७ सप्टेंबरला गणपती बसले. हे मधले दिवस नेमके लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या चिखलातून, पायाच्या भेगेतून किंवा खरचटल्या जागेतून जंतू शिरतो आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. तोवर पूर सगळे विसरलेले असतात, डॉक्टरही विचारत नाहीत. ताप, पोटऱ्यांना सडकून कळा, लाल डोळे, आणि ‘पुराच्या चिखलात चाललो होतो’ हे वाक्य: एवढे आरोग्य केंद्रात आपणहून सांगायला मुलांना आणि आयांना शिकवले पाहिजे. लेप्टोची गोळी आपल्या मनाने घेऊ नये, लहान मुलांचे औषध वेगळे असते. गमबूट नसतील तर जुन्या बुटांवर प्लास्टिकची पिशवी बांधून तरी चिखल काढावा, आणि मुलांना त्या कामाला लावू नये. हे लिहिणे सोपे आहे हे आम्ही जाणतो. आई तिसऱ्या दिवशी कामावर गेली नाही तर धुण्याभांड्याचे काम सुटते, म्हणून ती जाते, मग चिखल काढतो तो दहा वर्षांचा मुलगाच.

कागदांचे एक सांगायचे राहिले. रेशनकार्ड, जन्मदाखला, लसीकरणाचे ममता कार्ड आणि शाळेचे कागद लॅमिनेट केले की सुरक्षित, असे लोक समजतात. कडेने एकदा पाणी शिरले की आतला कागद वाळवता येत नाही, शाई पसरते. साध्या चेनच्या प्लास्टिक पाकिटात, तेही दुहेरी, ठेवावेत आणि ती पिशवी माळ्यावर नव्हे, दाराशी खिळ्याला टांगावी, म्हणजे निघताना हाताशी येते. वह्या-पुस्तकांचे मात्र शाळेनेच बघायला हवे. पुरात शाळा हीच निवाऱ्याची जागा होते, त्यामुळे ती सर्वांत उशिरा सुरू होते. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि भिजलेली पुस्तके कोणाकोणाची, याची यादी तोवर झालेली नसते.

‘मग तिथे राहता कशाला, सरकारी घरे दिली आहेत ना’ असे विचारणाऱ्यांसाठी एवढेच: सकाळी सहाला पायी जाऊन चार घरची भांडी करणारी बाई शहराच्या टोकाच्या चौथ्या मजल्यावर गेली की तिची पहिली दोन कामे सुटतात, आणि मुलाची शाळाही.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पावसाळ्यात आजवा आणि काळाघोडा, दोन्ही आकडे रोज वेळेसह पहिल्या पानावर द्या. आणि पूर उतरल्यावर आठव्या दिवशी वार्ताहर वस्तीत पाठवा. सकाळी साडेपाचच्या आत पाठवा. त्यानंतर बाया कामाला गेलेल्या असतात आणि घरात बोलायला फक्त मुलेच उरतात.

आपले,
विश्वामित्रीकाठच्या वस्त्यांत काम करणारे काही वाचक,
बडोदे