संगणकावरचं प्रशिक्षण कामगाराला झेपेल असं करा

संपादक महोदय,

बांधकामाच्या साइटवर गेटपास मिळण्याआधी नव्या कामगाराला सुरक्षा प्रशिक्षण दिलं जातं. पूर्वी हे परांचीखाली उभं राहून, वस्तू हातात घेऊन व्हायचं. आता अनेक ठिकाणी ते संगणकावर गेलं आहे. मी भांडुप-कांजूरमार्ग पट्ट्यात सेफ्टी सुपरवायझर आहे. प्रशिक्षण झाल्याची नोंद होते, पण कामगारापर्यंत काही पोहोचत नाही, हे रोज बघतो.

बंगालमधल्या मालदा किंवा झारखंडमधल्या पलामूहून आलेला सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबचा साचा उभारणारा, पडद्यासमोर बसतो. सगळा मजकूर इंग्रजीत. माउस हलवला की बाण भलतीकडेच जातो. तो माउस उचलून बघतो, परत ठेवतो, ओशाळून शेजारच्याकडे पाहतो. पुढे जायचं बटण सापडेपर्यंत पान बंद पडतं. मग पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि तो ओटीपी गावाकडे भावाच्या फोनवर. शेवटी टाइमकीपर वैतागून सगळ्यांची उत्तरं स्वतःच भरतो. प्रमाणपत्र निघतं आणि माणूस आठव्या माळ्यावर चढतो. डबल लॅनयार्डचा, म्हणजे सेफ्टी बेल्टला जोडलेल्या हुकवाल्या दोन दोऱ्यांचा, एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला हवा, हे त्याला धड कळलेलंच नसतं.

हाच माणूस रात्री खोलीवर यूट्यूब बघतो, घरी व्हॉइस मेसेज पाठवतो. तेव्हा 'यांना जमत नाही' म्हणून हात झटकणं अन्यायाचं आहे. माउसऐवजी टच स्क्रीन द्या. मजकूर हिंदीत, बंगालीत, शक्य तर भोजपुरीत ऐकू येऊ द्या. दोन परांच्यांची चित्रं दाखवून कठडा नसलेली कुठली, ते बोटाने दाबू द्या. वेळेची मर्यादा काढा. सोबत त्याच्याच भाषेचा एखादा जुना कामगार बसवा, पण त्याची हजेरी कापू नका. परीक्षा मात्र पडद्यावर नको. बेल्ट अंगावर चढवून, हुक अडकवून दाखवला तरच गेटपास.

खर्चाचं कारण पुढे येईलच. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच. कल्याणकारी मंडळाने त्यातून असं बोलकं, चित्रांचं प्रशिक्षण एकदा तयार करून छोट्या ठेकेदारांना फुकट द्यावं. मोठ्या कंपन्या आपलं आपण करू शकतात. चार माळ्यांच्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी सकाळी नाक्यावरून आणलेल्या बिगाऱ्याला त्याची जास्त गरज आहे.

— एक सेफ्टी सुपरवायझर, भांडुप, मुंबई